कडता

मिरचीच्या पथारीवर मी काट्याशी बसायचो,
नंदुरबारच्या बाहेर, जिथं डिसेंबरात
जमीनच लाल होते, नजर जाईल तिथवर,
सुकणारी, उन्हात खुळखुळणारी,
नवख्याला शिंकून शिंकून रडवणारी लाल.

बाया देठ खुडायच्या. किलोमागे पैसे.
रात्री त्यांच्या बोटांना तव्याची धग सोसत नसे.
संध्याकाळी पाटी काट्यावर यायची.
काटा सांगायचा अकरा सातशे.
मी लिहायचो अकरा.

शेठ त्याला कडता म्हणायचे.
धूळ, ओल, पाटीचं वजन,
सगळ्याचं मिळून एक नाव.
जुना शब्द. अख्खा बाजार म्हणतो.
जिभेवर ठेवला तर तिखटही लागत नाही.

असे पाच हंगाम.
पेन मंडळीनं दिलेलं होतं,
नाताळात वचनं तोंडपाठ म्हटल्याबद्दल.

मग एका फेब्रुवारीत शेठनं मला काढलं.
काटा नवा आला होता, चिठ्ठी आपोआप छापणारा,
शेठच्या भाच्यालाही जमेल असा.
एवढंच कारण.
कुणी विचारलं तर मी म्हणायचो,
"तिथं काही बरोबर नव्हतं."
खोटं नव्हतं ते.
पण ते वाक्य आपल्या पायांनी चालत सुटलं
आणि रविवारी उपासनेत माझ्याआधी जाऊन बसलं.

पाळक म्हणाले, आपल्यात एक भाऊ आहे,
त्यानं खोट्या मापाला हात लावला नाही,
नोकरीवर पाणी सोडलं.
पत्र्याखालची पंचवीस घरं मागं वळली.
माझी सुवार्ता, नववीतली, माझ्याकडं बघून हसली.
तशी ती आधी कधी हसली नव्हती.
मी मान खाली घातली.
लोकांना ती नम्रता वाटली.

किती सोयीची असते, देवा, खाली घातलेली मान.

तीन रविवार मी तो मान खाल्ला.
दुकानदार उधारी देऊ लागला,
दोन घरांनी भांडण मिटवायला मला बोलावलं.
होतो त्याहून सातशे ग्रॅम जास्त भरत होतो,
आणि इथं कडता लावणारं कुणी नव्हतं.

चौथ्या रविवारी प्रभुभोजन.
प्याला हातात आला. छोटा, काचेचा,
बोटभर लाल.
मी पुढं सरकवला. "पोट बरं नाही," म्हणालो.
हेही एक.

मग उठलोच. काय बोललो ते धड आठवत नाही.
पंखा आठवतो, प्रत्येक फेरीला कुठंतरी घासणारा.
आमेन कुणी म्हटलं नाही.
सुवार्ता गीतांच्या वहीचा कोपरा
दुमडत होती, उलगडत होती, दुमडत होती.

वह्या शेठकडं राहिलेल्या. आठवून आठवून
एकतीस नावं मांडली. कमी धरण्यापेक्षा जास्त धरलं.
मोटरसायकल विकली.
पहिलं घर जतरीबाईचं, रेल्वे फाटकापलीकडं.
पैसे पुढं केले, कशाचे ते सांगितलं.
माफी मागायची होती, तिथं आवाज फुटेना.

जतरीबाई आधी बघत राहिली, मग हसली,
उरलेले चार दात दिसेपर्यंत.
"माले मालूम व्हतं, भाऊ.
तुना काटा लबाड, मनी पाटी बी लबाड.
खाल ओली मिरची ऱ्हाये."

मला वाटलं, फिटलं तर मग.
हात मागं घ्यावासा वाटला,
खरंच वाटला, क्षणभर.
तिनं नोटा काढून घेतल्या आणि मोजल्या.
पुन्हा मोजल्या.
बरोबरच आहे. माझ्या हातचं होतं ते.

फाटक पडलेलं होतं. मालगाडी जाईना संपता.
सुवार्ता सोबत आली होती, न विचारता.
"किती राहिले?" म्हणाली.
"तीस."
हसली वगैरे नाही.
पायात काटा मोडला होता तिच्या,
तो काढायला माझ्या खांद्याचा आधार घेतला,
आणि काढून झाल्यावरही
थोडा वेळ तसाच राहू दिला.